मानसिंगचा काळा गूळ

मानसिंग पाटलाला कशाचीही कमी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ताकारीच्या अलीकडं कृष्णेच्या काठाला त्याचा बारा एकर ऊस होता, विहिरीवर इंजिन होतं आणि मळ्यात बापानं बांधलेलं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. बायको बनुबाई हातानं आणि तोंडानं सारखीच चलाख. दोन पोरं शाळेत जात होती आणि पासही होत होती. चाळिशी ओलांडली तरी त्याला कधी ताप म्हणून आला नव्हता. पोटात मात्र दुखायचं, आणि तेही दुसऱ्या कुणाचं बरं झालं की.

त्यातही सगळ्यांचं बरं झालेलं त्याला सारखंच दुखायचं असं नाही. गावात कुणी मोटार आणली तर तो एक दिवस गप्प बसायचा आणि विसरून जायचा. त्याचं खरं दुखणं त्याच्या घरापासून चौथ्या दारात राहत होतं. चुलतभाऊ नानासो. चार वर्षांनी लहान, अंगानं काटकुळा, जमीन सगळी मिळून दीड एकर. बारा एकरवाल्यानं जळावं असं त्याच्याजवळ दिसायला काहीच नव्हतं. होता तो फक्त हात, गुळाचा.

उसाचा रस काहिलीत आटवला की गूळ होतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण रस आटत आला की ती भलीमोठी काहील चुलीवरून नेमकी कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस लागतो. त्याला गुळव्या म्हणतात. लवकर उतरवली तर ढेप धरत नाही, उशीर झाला तर गूळ करपून काळा पडतो. मधली वेळ असते ती विडी पेटवून होईपर्यंतची. ती वेळ नानासोला कळायची. रसाच्या फुग्यांवरून कळायची, वासावरून कळायची, कधी तर काहिलीकडं पाठ करून उभा असताना नुसत्या आवाजावरून कळायची. त्याच्या हातची ढेप पिवळीधमक, आणि फोडली की आत कण चमकायचा.

दोघं शिकले एकाच ठिकाणी, मानसिंगच्या बापाच्या हाताखाली, याच गुऱ्हाळात. म्हाताऱ्यानं दोघांना सारखंच सांगितलं आणि सारख्याच शिव्या दिल्या. मग एकाला आलं आणि एकाला आलं नाही, याला कोण काय करणार? पण मानसिंगला ते पटत नव्हतं. गुऱ्हाळ माझं, काहील माझी, बाप माझा, आणि हात तेवढा त्याला कसा, असं त्याचं देवाशी भांडण होतं. त्याचा गूळ दरवर्षी काळपट निघायचा. सांगलीच्या बाजारात सौदा निघतो तेव्हा सगळ्यात आधी आपल्या ढिगाला बोली लागावी, व्यापाऱ्यांनी आपल्या ढेपेभोवती कोंडाळं करावं, एवढी एकच हाव त्याला आयुष्यात होती. ती काही पुरी होत नव्हती.

एकदा होळीच्या आदल्या दिवशी त्यानं बनुबाईला राहीबाईकडून, म्हणजे नानासोच्या बायकोकडून, पदराखाली काहीतरी आणताना पाहिलं.

"काय हाय ते?"

"गूळ. पुरनाला."

"आपल्या घरात ढेपांची उतरंड लागलीया आन् तू दुसऱ्याच्या दारात भीक मागतीस?"

"भीक कशाची? मी आपला दिला, त्येंचा आनला."

"मग त्येंनी काय केलं आपल्या गुळाचं?"

"म्हशीला घातला," बनुबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी मानसिंगनं चार पोळ्या खाल्ल्या, पण रागानं खाल्ल्या.

तोवर नानासोचा हात घरच्या गुळापुरताच होता. बहात्तर साली पाऊस आला नाही, नानासोची विहीर आटली आणि दीड एकर ऊस उभ्याउभ्या वाळला. तेव्हा नदीपलीकडच्या हंबीररावांचा गुळव्या आजारी पडला म्हणून त्यांनी नानासोला बोलावलं. मोठ्या विहिरींचा ऊस कसाबसा तगला होता. नानासो चार दिवस काहिलीवर उभा राहिला आणि परत आला तो मजुरीचे पैसे आणि धोतरजोडी घेऊन. त्याचं त्यालाच खरं वाटेना. पोरवयापासून जे आपण फुकटात करत आलो त्याला लोक पैसे देतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कळलं तसं त्यानं ते सोडलं नाही. पुढच्या दिवाळीला त्यानं आपणहून पाच-सहा गावांत निरोप धाडले. गूळ पिवळा निघाला तर मजुरी द्या, काळा निघाला तर मी उपाशी माघारी जातो, एवढीच त्याची बोली. एकदाही त्याला उपाशी यावं लागलं नाही.

मानसिंगला हे सुख एकदम बघावं लागलं नाही, थोडंथोडं बघावं लागलं. आधी नानासोच्या छपरावरचं पाचट गेलं आणि कौलं आली. मग सायकल आली. मग राहीबाईच्या अंगावर इरकली लुगडं आलं. मग रेडिओ आला, आणि तो नेमका मानसिंगच्या सोप्यापर्यंत ऐकू यायला लागला. बाजारभाव सांगायला सुरुवात झाली की मानसिंग जेवणावरून उठून मळ्यात जायचा. एवढ्याशा रेडिओवर जळणं आपल्याला शोभत नाही हे त्याला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? चार दारं ओलांडून गेला असता आणि म्हणाला असता, नानासो, माझ्या गुऱ्हाळात ये. पण एवढे चार शब्द मानसिंगच्या घशातून वर येत नव्हते. त्याऐवजी त्यानं नानासोचं गुपित शोधायचं ठरवलं. गुपित मुळात नव्हतंच. पारावर कुणीही विचारलं तरी नानासो सांगायचा, आणि मानसिंगलाही त्यानं सांगितलं होतं.

"दादा, त्यात काय? आदी फुगं मोठं येत्यात. मग बारीक व्हत जात्यात. मग एकदम रस जड हुतो, दमल्यावानी. तवा उतरायची."

इतकं सोपं असतं तर मला आलं असतं, मानसिंगनं मनाशी हिशेब केला. ज्याअर्थी हा इतक्या मोकळेपणानं सांगतो, त्याअर्थी खरं ते लपवतो. म्हणून चुकलेला बैल शोधायच्या निमित्तानं तो एका दुपारी नदीपलीकडच्या गुऱ्हाळावर गेला आणि चिपाडाच्या ढिगाआडून बघत राहिला. आणि त्याला सापडलं! काहील उतरवायच्या अगदी आधी नानासोनं कनवटीची चंची सोडली, चिमूटभर पांढरं काहीतरी बोटावर घेतलं, पाठ फिरवली, पुन्हा वळला आणि म्हणाला, "उचला." दुसऱ्या आदणालाही तेच. काहीलभर रसाचं एक आदण, आणि प्रत्येक आदणाला ती चिमूट.

म्हणजे चुना. गुळात चुन्याची निवळी घालतातच, पण ती सुरुवातीला आणि बेतानं. शेवटी घालायचा, हीच गोम असणार! मानसिंग जवळजवळ पळतच घरी आला. आपली काहील मोठी, म्हणून चिमटीऐवजी त्यानं चांगला मूठभर चुना शेवटच्या उकळीत टाकला, आणि खात्रीचा म्हणून तीन आदणांत टाकला. गूळ निघाला तो काळा म्हणावा की जांभळा म्हणावा अशा रंगाचा. मुंगळेसुद्धा ढेपेला वळसा घालून गेले.

बनुबाईनं राहीबाईकडून खरं काय ते काढून आणलं.

"आवं, नाना भावजी तमाखू मळत्यात. तोंडात टाकताना काहिलीकडं बघू नये म्हनून पाठ फिरवत्यात." एवढं सांगून ती पदर तोंडाला लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

इथं मानसिंगच्या जळण्याची जात बदलली. तोवर त्याला नानासोसारखं व्हायचं होतं. आता नानासो आपल्यासारखा व्हावा असं त्याला वाटायला लागलं. चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला भावकी देवीच्या देवळात जमली तेव्हा त्यानं विषय काढला. भावकीत सगळ्यात वडीलधारे लालासाहेब तात्या, फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेले. त्यांच्यापुढं मानसिंग उभा राहिला आणि आवाजात जितकी काळजी आणता येईल तितकी आणून म्हणाला,

"तात्या, पाटलाच्या घरचा मानूस लोकांच्या काहिलीवर रोजानं हुबा ऱ्हातोय. उद्या सोयरिकीला कोन दारात येईल?"

नानासो खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "चोरी न्हाई केली, तात्या. येतंय ते करतोय."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. दोन्हीकडचं ऐकून हुकूम द्यायची त्यांना सवय होती. "ऐका. गावाभाईर त्यो काय बी करू द्या, पोट त्याचं हाय. पर गावात, आपल्याच मानसांकडनं, नानासोनं गुळाची मजुरी घ्यायची न्हाई. एक पैसा न्हाई. खलास. डिसमिस."

"बरं," नानासो म्हणाला.

मानसिंगला पुरती बंदी हवी होती, अर्धीच मिळाली. तरी त्या दिवशी तो घरी आला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

नानासोचं काही बिघडलं नाही. हंगामाला तो घोंगडं सायकलवर टाकून नदीपलीकडं गेला तो तिकडचाच झाला. बिघडलं ते गावाचं. ज्या चार-पाच घरांत नानासो जाऊन उभा राहायचा, त्यांचा गूळ त्या साली पाटलाच्या गुळासारखाच काळपट निघाला, आणि का निघाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. मानसिंगनं राम राम घातला की लोक उसाच्या मोळीकडं बघायला लागले.

पौषात मानसिंग गूळ घेऊन सांगलीला गेला. सौद्याच्या ओळीत त्याच्या ढिगाला लागूनच एक पिवळाधमक ढीग होता आणि सगळे व्यापारी त्याच्याभोवती गोळा झाले होते. मानसिंगच्या ढेपेला अडत्या गंगाधरपंतांनी नखानं टोकरलं, वास घेतला आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, "पाटील, तुमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा संबंध आहे म्हणून सांगतो. हा माल खाणारा घेणार नाही. दारूच्या भट्टीवाले घेतील तर बघतो."

"आन् त्यो शेजारचा कुनाचा?" मानसिंगनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. ढिगाशेजारी हंबीरराव उभे होते.

"हंबीररावांचा. नानासोच्या हातचा आहे ना! आता व्यापारी आधी हात विचारतात, मग भाव बोलतात."

घरी आल्यावर मानसिंगनं ताट बाजूला सारलं. बनुबाईनं त्याचं तोंड बघितलं, अजून निम्मा ऊस शेतात उभा आहे हे आठवलं, आणि नवऱ्याला न विचारता ती चौथ्या दारात जाऊन राहीबाईजवळ नानासोसाठी निरोप ठेवून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मानसिंग गुऱ्हाळात आला तर नानासो चुलीतला जाळ बघत बसलेला.

"तू कसा?"

"वैनींनी निरोप धाडला हुता."

"पर भावकीत ठरलंय."

"मजुरी घ्यायची न्हाई आसं ठरलंय, दादा. काम करायचं न्हाई आसं कुटं ठरलंय?"

आठ दिवस नानासो त्या काहिलीवर उभा राहिला. आठही दिवस मानसिंग त्याच्या मागं उभा होता, आणि आठही दिवस त्याचं अंग जळत होतं. तीच काहील, तोच ऊस, तेच चुलवाण, आणि ढेप निघायची ती पिवळी. आपलाच गूळ चांगला निघतोय म्हणून आनंद व्हावा, तर गडीमाणसं "वा नानासो!" म्हणत होती. पिवळ्या ढेपेवर त्याचं मन जायचंच नाही, ते त्या "वा"वर अडकायचं. शेवटच्या दिवशी त्यानं खिशातून नोटा काढल्या. पैसे दिले की तो मजूर आणि मी मालक, म्हणजे फिटलं, असं त्याला वाटलं होतं.

नानासोनं हात मागं घेतला. "न्हाई दादा. तात्यांचा शब्द हाय. तुमीच तर काढला हुता इषय." तो टोमणा असता तर मानसिंगला बरं वाटलं असतं. तो टोमणा नव्हता.

महिनाभरानं तो पिवळा ढीग सांगलीच्या सौद्यात लागला. आणि आयुष्यभर जे हवं होतं ते झालं. पहिली बोली पाटलाच्या ढिगाला लागली. व्यापाऱ्यांनी कोंडाळं केलं. गंगाधरपंतांनी ढेप फोडून सगळ्यांना कण दाखवला आणि हसत विचारलं, "पाटील, हात कुणाचा?"

सगळ्यांचे डोळे मानसिंगवर होते. इतके डोळे त्याच्यावर कधीच नव्हते.

"माजा," मानसिंग म्हणाला.

शब्द गेला आणि त्याला दिसलं की कोंडाळ्याच्या कडेला, हंबीररावांच्या शेजारी, सायकल धरून नानासो उभा आहे. गंगाधरपंतांनी भुवया उंचावून नानासोकडं बघितलं. नानासोनं क्षणभर खाली बघितलं, मग मान हलवली.

"व्हय. दादाचाच हात. मी निस्ता हुबा हुतो."

हंबीरराव पुढं आले. "मग लय बरं झालं! नानासो उद्यापास्नं कराडच्या अंगाला चाललाय, माजा ऊस तोडून पडलाय. पाटील, चार दिस तुमीच या आमच्याकडं. मजुरी म्हनत न्हाई, मान म्हनून घ्या."

नाही म्हणावं तर खोटं उघडं पडतं. आणि खरं सांगायचं तर मानसिंगला नाही म्हणायचंच नव्हतं. त्याला आजवर कुणी गुळासाठी बोलावलं नव्हतं. निघताना नानासो त्याच्या जवळ आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला, "दादा, फुग्यांकडं बघा. चंचीकडं नगं." म्हणजे चिपाडाआडचा माणूस त्याला त्याच दुपारी दिसला होता, आणि इतके दिवस त्यानं ते पोटात ठेवलं होतं.

हंबीररावांच्या गुऱ्हाळात दुसऱ्या दिवशी दहा वाजता पहिलं आदण आटत आलं. काहिलीच्या दांड्यांना आठ माणसं हात लावून उभी होती आणि सगळी मानसिंगच्या तोंडाकडं बघत होती. फुगे मोठे आले. मग बारीक झाले, की त्याला तसं वाटलं? रस दमला, की दमायचाय? वास तर नेहमीसारखाच येत होता. बापाच्या हाताखाली हे शिकत होतो तेव्हाही आपण काहिलीकडं बघत नव्हतो, नानासोला बापानं किती शाबासकी दिली ते मोजत होतो, हे त्याला त्या धगीत उभं असताना आठवलं. नानासोच्या मागं उभं राहिलेले ते आठ दिवसही त्यात गेले. बघायचं ते बघायचं राहूनच गेलं होतं.

"पाटील, उचलायची का?" दांडीवरच्या एकानं विचारलं.

"थांबा," तो म्हणाला. मग म्हणाला, "उचला." तोवर करपल्याचा वास सगळ्यांनाच आला होता.

काळा रस थिजेपर्यंत हंबीरराव दुसरीकडं बघत राहिले. ढेपा काढल्यावर मानसिंगनंच सांगितलं की पुढची आदणं माझ्यानं व्हायची नाहीत, दुसरं कुणीतरी बघा. हंबीररावांनी मान हलवली. नव्या गुळव्यानं उतरवलेल्या पहिल्या आदणातली एक ढेप त्याला द्यायची, ही तिकडची रीत. ते आत गेले, एक ढेप आणली, वर नारळ ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

"रीत हाय, पाटील. न्हाई म्हनू नगा."

ढेप खांद्यावर घेऊन मानसिंग नदीवर आला. नाव भरत होती. आठवडी बाजाराची माणसं होती, चार-पाच गावांतली, त्यांतल्या निम्म्यांच्या गुऱ्हाळात नानासो जात असे. मानसिंग ढेप मांडीवर घेऊन बसला. नाव काठापासून सुटली तसा समोरचा म्हातारा वाकून बघत म्हणाला, "हंबीररावाकडनं आलासा न्हवं? त्येंच्याकडं नानासो आसतोय. ही ढेप नानासोच्या हातची?"

नावेतली सगळी मुंडकी वळली. मानसिंगला सगळं लख्ख दिसलं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. म्हणायचंसुद्धा नव्हतं, गप्प बसलं तरी पुरे होतं. सांजपर्यंत ती काळी ढेप पाच गावांत पोचली असती. नानासोचा हात गेला, असं लोक म्हणाले असते, आणि पुढच्या दिवाळीला त्याचा निरोप कुणी घेतला नसता. कौलं, सायकल, रेडिओ, सगळ्याचं उत्तर त्याच्या मांडीवर होतं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, इतकं ते जवळ होतं.

म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, "नानासोचीच काय?"

मानसिंगनं ढेपेवरचा नारळ उचलला आणि बाजूला ठेवला, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावी.

"न्हाई," तो म्हणाला, "ही माज्या हातची हाय. कालची सांगलीतली पिवळी त्येच्या हातची हुती."